एकतीस भरलेल्या, सतरा रिकाम्या

तारीख एकवीस सप्टेंबर, शनिवार, सकाळचे साडेदहा. रक्कम बारा युरो. हजर तिघं: अक्का, मी, आणि फोनच्या पडद्यावर अक्कांची पुतणी. ती जर्मनीत नोकरी करते. तिच्याकडे तेव्हा सकाळचे सात वाजले होते आणि तिचे केस विंचरायचे होते.

बारा युरो भरायचे होते जर्मनीतल्या एका सरकारी कार्यालयाला. त्या दिवशी ते भरले गेले नाहीत. फॉर्मवर पुस्तकाचं नाव, छापल्याचं वर्ष, चित्रांची संख्या अठ्ठेचाळीस, असं सगळं मी लिहिलं होतं. फक्त चित्रकाराच्या खऱ्या नावाची जागा कोरी होती. तिथे पेन टेकवलं, तेवढ्यात अक्कांनी ते माझ्या हातातून काढून घेतलं आणि त्याला टोपण लावलं.

"खोटं लिहायचं नाही," त्या म्हणाल्या. "चहा घे."

मी विमा कंपनीत क्लेम तपासतो. सव्वीस वर्षं झाली. जे आपलं नाही ते आपलं म्हणून मागणारी माणसं मी रोज बघतो. जे आपलं आहे ते नको म्हणणारं माणूस मात्र एवढं एकच भेटलं.

अक्का म्हणजे माझ्या जुन्या घरमालकीण. कोठी नावाच्या बाजारपेठेमागच्या एका गल्लीत त्यांच्या वरच्या मजल्यावर आम्ही अकरा वर्षं भाड्याने राहिलो. गल्लीतली तेलुगू माणसंही त्यांना अक्का म्हणत आणि मराठी माणसंही, त्यामुळे त्या नक्की कुणाच्या अक्का हे विचारायची वेळ कधी आली नाही. आम्ही सामान घेऊन आलो त्या दिवशी त्या दारात टेप घेऊन उभ्या होत्या. आमचा फ्रिज टेम्पोतून उतरायच्या आधीच त्यांनी मोजला आणि जिन्याकडे न बघता सांगितलं, "अर्धा इंच जास्त आहे. दार काढावं लागेल." हमाल हसले. वीस मिनिटं त्यांनी फ्रिज तिरका करून, उभा करून, शिव्या देऊन बघितला. मग दार काढलं.

भाड्याच्या कराराला त्यांनी वरच्या मजल्याचा नकाशा जोडला होता. एकास वीस या प्रमाणात, काळ्या शाईत. त्यात खिडक्या होत्या, मोरी होती, आणि भिंतीतले खिळेही होते. खाली टीप: ‘खिळे सात.’ दुसऱ्या वर्षी आम्ही मुलीच्या शाळेच्या फोटोसाठी एक खिळा ठोकला. मी त्याच संध्याकाळी खाली जाऊन सांगितलं, "अक्का, खिळे आठ झाले." त्यांनी कपाटातून कराराची प्रत काढली, नकाशावर आठवा खिळा काढला आणि माझी सही घेतली. त्या दिवसापासून त्या मला ‘इन्शुरन्स’ म्हणू लागल्या, आणि दर गुरुवारी आम्हाला ज्वारीची भाकरी खालून येऊ लागली. आम्ही पुढे दिलसुखनगरला स्वतःचा फ्लॅट घेतला, तरी महिन्यातून एकदा मी त्यांच्याकडे जातोच. माझी बायको म्हणते, "अहो, माहेरी जाऊन या."

अक्का पाणीपुरवठा खात्यात ट्रेसर होत्या. हे काम आता राहिलं नाही. इंजिनिअर आराखडा करायचा, ड्राफ्ट्समन तो पेन्सिलीने काढायचा, आणि ट्रेसर त्यावर मेणकापड अंथरून तोच नकाशा शाईने जसाच्या तसा उतरवायची. त्या कापडावरून मग निळ्या प्रती निघायच्या. चूक झाली तर अर्ध्या ब्लेडने शाई खरवडायची, कापड न फाडता. निवृत्तीनंतर त्याच अर्ध्या ब्लेडने त्या भेंडी चिरत, आणि प्रत्येक तुकडा सारखा असे.

"नकाशाच्या कोपऱ्यात पाच नावांची चौकट असते," त्यांनी मला एकदा सांगितलं होतं. "ट्रेसरचं नाव चौथं. ते कधी वाचतात माहीत आहे? चूक सापडली की. तीस वर्षं माझं नाव कुणी वाचलं नाही. बस, हौ. यापेक्षा मोठं बक्षीस नाही."

त्यांचे यजमान बेगम बाजारात सुक्या मेव्याच्या एका घाऊक दुकानात मुनीम होते. गल्ली त्यांना मुनीमजी म्हणे. बुटके, गोल, अबोल. खिशात बोटभर जाडीची डायरी. दर रविवारी सकाळी हे दोघं बाहेर पडत. पुढे अक्का, हातात टेप आणि कागदाची गुंडाळी. मागे मुनीमजी, एका हातात छत्री आणि दुसऱ्या हातात घडीचं स्टूल. बेगम बाजारात, कोठीत, जिथे हातगाडी दिसेल तिथे स्टूल मांडलं जाई. हातगाडीला इथे बंडी म्हणतात. अक्का बंडी मोजत: लांबी, रुंदी, चाकाचा घेर, दोन फळ्यांमधली फट. मग एकास वीस प्रमाणात तिचं चित्र काढत. चाकाला सायकलचे किती आरे, तराजूला कोणत्या रंगाची दोरी, मालकाने कुठे जुन्या डब्याचा पत्रा ठोकलाय, सगळं.

"कशासाठी, अक्का?" मी सुरुवातीला विचारलं होतं.

"खात्यात पाइपांचे नकाशे आहेत, गटारांचे आहेत. बंडीचा नकाशा कुठल्या खात्यात आहे? आणि शहर जेवतं कशावर, पाइपावर?"

बंडीवाल्यांना त्यांची सवय झाली होती. पेरूवाला तर दुरूनच ओरडे, "अक्का, फिर से नापते क्या? रात में बंडी बड़ी हो गई क्या?"

मुनीमजी गेले तेव्हा आम्ही वरच राहत होतो. तेराव्यानंतरच्या रविवारी सकाळी जिन्याखाली आवाज आला म्हणून मी वाकून बघितलं. अक्का निघाल्या होत्या. टेप, कागद, छत्री आणि स्टूल, चारही वस्तू एकटीच्या हातात. मी म्हणालो, "मी येऊ का?" त्या म्हणाल्या, "नक्को. तुला छत्री धरता येत नाही." ते खरं होतं.

पुतणी एकदा सुट्टीत आली, तिने पलंगाखालच्या पेटीतली चित्रं बघितली, फोटो काढले, आणि जर्मनीतल्या एका छोट्या प्रकाशकाला दाखवले. त्याने पुस्तक काढलं. अठ्ठेचाळीस बंड्या. अक्कांची एकच अट होती, नाव घालायचं नाही. पुतणी रडली, भांडली. शेवटी पुस्तक बिननावाचंच निघालं.

मग गेल्या वर्षी तिथल्या एका बाजारात पुतणीला कापडी पिशव्या दिसल्या. त्यांवर अक्कांची नऊ नंबरची बंडी छापलेली. तिने विक्रेत्याला हटकलं, तर तो म्हणाला, यावर कुणाचंच नाव नाही, म्हणजे ही सगळ्यांचीच. पुतणीने संतापून अक्कांना फोन केला.

"त्या पिशव्यांतून भाजी आणतात का ग लोक?" अक्कांनी विचारलं.

"हो, पण काकू—"

"मग चांगलंच आहे की."

प्रकाशकाने पुतणीला नीट समजावून सांगितलं, तिने मला, आणि मी ते एका कागदावर मुद्दे काढून अक्कांना. तो विक्रेता चूक होता. जर्मनीत कॉपीराइटसाठी नोंदणी लागतच नाही. चित्र कागदावर उतरलं की त्याच क्षणी हक्क जन्माला येतो. नाव नसलं तरी येतो. पण बिननावाच्या पुस्तकाचा हक्क छापल्यापासून सत्तर वर्षं चालतो, आणि नावाच्या पुस्तकाचा चित्रकाराच्या मृत्यूनंतर सत्तर वर्षं. म्हणून तिथे सरकारने एक नोंदवही ठेवली आहे, खास बिननावाच्या आणि टोपणनावाच्या कामांसाठी. त्यात खरं नाव नोंदवलं की मृत्यूनंतरची सत्तर वर्षं लागू होतात. फी बारा युरो.

"काढलं त्याच क्षणी माझं झालं?" अक्का म्हणाल्या. "आणि इतकी वर्षं मला कुणी सांगितलं नाही. बरं, ते नाव तपासतात कसं?"

"तपासत नाहीत."

"म्हणजे?"

"तुम्ही जे लिहाल ते नोंदवतात. खरं आहे की नाही ते बघत नाहीत."

मला स्वतःलाही हे पचलं नव्हतं. आमच्या ऑफिसात फुटलेल्या काचेचा क्लेम आला तरी आम्ही काचेचे तुकडे बघायला जातो.

"मग तर खोटं मुळीच लिहायचं नाही," अक्का म्हणाल्या, आणि पेनाला टोपण लावलं ते तेव्हाच.

मला वाटलं, हा ट्रेसरचा विनय आहे. मी समजूत घालू लागलो. अक्का, नक्कल वेगळी आणि चित्र वेगळं. त्यांनी हात वर केला. "ते तपासत नाहीत ना? मग आपण तपासू. पुस्तक घे. उद्या रविवार आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही बेगम बाजाराच्या तोंडाशी पेरूवाल्यापुढे उभे होतो. मी छत्री धरली. पेरूवाला तोच, केस मात्र पांढरे झालेले. अक्कांनी टेप लावली आणि म्हणाल्या, "लिही. पाच फूट दोन इंच."

टेप पाच फूट आठ दाखवत होती. पुस्तकातही पाच आठच होतं.

"बराबर है अक्का," पेरूवाला घाईने म्हणाला, "पाँच दो, एकदम बराबर." मग माझ्याकडे वळून हळूच, "बरस भर से ऐसाच है साहब. नोट भी हाथ से टटोल के देते."

मी काय करावं? मी सव्वीस वर्षं जे करतो तेच केलं. "अक्का, पाच आठ आहे."

त्यांनी टेप डोळ्यांजवळ नेली, लांब नेली, पुन्हा जवळ आणली. मग ती गुंडाळून पिशवीत टाकली. परत येताना रिक्षात त्या एवढंच बोलल्या, "त्यानं माझी लाज राखली. तू नाही राखलीस."

"तुम्हीच म्हणालात, खोटं लिहायचं नाही."

"हौ," त्या म्हणाल्या, आणि घर येईपर्यंत बाहेर बघत राहिल्या, जिथे त्यांना बहुधा काहीच नीट दिसत नव्हतं. कोठीतल्या डॉक्टरने मोतीबिंदूचं ऑपरेशन दोन वर्षांपूर्वीच सांगितलं होतं, हे मला पुतणीकडून कळलं. अक्कांनी त्याला उत्तर दिलं होतं, "शहात्तराव्या वर्षी डोळे नवे करून बघायचं काय राहिलंय?" तेव्हा चौऱ्याहत्तरावं होतं, पण त्यांनी पुढचे दोन धरून हिशोब सांगितला होता.

पुस्तक माझ्याकडेच राहिलं. मी ते रात्री जेवणानंतर चाळलं. आकड्यांचा माणूस पुस्तक चाळतो म्हणजे मोजतो. अठ्ठेचाळीस बंड्यांपैकी एकतीस भरलेल्या होत्या. पेरू, सीताफळं, झाडू, बांगड्या, भुईमुगाच्या शेंगा. उरलेल्या सतरा रिकाम्या. आणि भरलेल्या सगळ्या आधीच्या, रिकाम्या सगळ्या नंतरच्या. मधे एकही उलटसुलट नाही. शिवाय माल जरा वेगळा दिसत होता. बंडीच्या रेघा पट्टीने आखल्यासारख्या, आणि वरचे पेरू जरा चेपलेले, वेडेवाकडे, एकमेकांना खेटून बसलेले.

पुढच्या शनिवारी मी गेलो आणि सरळ विचारलं, "अक्का, एकतिसाव्या बंडीनंतर माल का नाही?"

त्या भेंडी चिरत होत्या. थांबल्या नाहीत.

"त्या प्रकाशकानं प्रस्तावनेत काय लिहिलंय, पुतणीनं वाचून दाखवलं होतं. म्हणे, रिकाम्या गाड्यांतून शहराचं एकटेपण दिसतं." ब्लेड चालत राहिलं. "एकटेपण कसलं? मला पेरू काढता येत नाहीत."

मग त्यांनी ब्लेड खाली ठेवलं.

"आडव्या-उभ्या रेघा माझ्या. गोल सगळे ह्यांचे. मला हातानं गोल येत नाही, मी कंपासवाली. मी बंडी करून द्यायची आणि हे स्टुलावर बसून माल भरायचे. कुणाला सांगू नको म्हणायचे. दुकानातले हसतील, मुनीम रविवारी पेरू रंगवतो म्हणून. आता सांग, इन्शुरन्स. माझं एकटीचं नाव लिहिलं तर चोरी. ह्यांचं लिहिलं तर ह्यांना चालायचं नाही. म्हणून म्हटलं, नाव नको."

एवढी वर्षं ही गोष्ट त्यांनी एकटीने सांभाळली होती. आणि आम्ही सगळे त्याला विक्षिप्तपणा म्हणत होतो.

मी माझ्या धंद्यातला प्रश्न विचारला. "पुरावा काही आहे?"

त्या रागावतील असं वाटलं होतं. उलट त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी कपाटातून डायऱ्या काढल्या, बोटभर जाडीच्या, अकरा. मी रविवार बघत गेलो. आठवड्याभराच्या बदाम-पिस्त्याच्या नोंदी, आणि रविवारी एकच ओळ. ‘पेरू २१४, काढले.’ ‘सीताफळ ५७, काढले.’ ‘झाडू ४०, काढले.’

मुनीमजी बंडीवरचा माल मोजत, आणि जितका असेल तितकाच काढत.

मी भिंग मागितलं. त्या शनिवारी आणि पुढच्या शनिवारी मी पुस्तकातला माल मोजला. प्रत्येक बंडीचा आकडा मी मोठ्याने सांगायचो आणि अक्का डायरीतली ओळ मला पुन्हा वाचायला लावायच्या. एकतीसपैकी एकोणतीस बंड्या तंतोतंत जुळल्या. दोन ठिकाणी चित्रात एकेक पेरू कमी भरला.

"दोन कमी आहेत," मी म्हणालो.

"खाल्ले असतील ह्यांनी," अक्का म्हणाल्या. मग त्या हसायला लागल्या, आणि पदराने डोळे पुसून पुन्हा हसल्या.

मी डायरी मिटली. "अक्का, मी मुनीमजींना फारसा ओळखत नव्हतो. पण हिशोब लिहिणारी माणसं ओळखतो. ज्याची लाज वाटते ते मुनीम वहीत चढवत नाही. त्यांनी अकरा डायऱ्यांत चढवलंय."

अक्कांनी डायऱ्यांची चवड सरळ केली. बाहेर गॅसवाला ओरडून गेला.

"दोघांची नावं चालतात का?"

मी पुतणीला फोन लावला. तिने प्रकाशकाला विचारलं आणि दुसऱ्या दिवशी कळवलं. चालतात. मयत नवऱ्याच्या वतीने वारस म्हणून अक्का अर्ज करू शकतात. पुस्तक एक, म्हणून फीही एकच. आणि तिने आणखी एक नियम सांगितला. दोघांनी मिळून केलेलं काम असेल, तर सत्तर वर्षं मोजायची ती दोघांपैकी जो शेवटी जाईल त्याच्यापासून.

हे अक्कांना सांगायला मी मुद्दाम दिलसुखनगरहून गेलो. फोनवर सांगण्यासारखी गोष्ट नव्हती.

"पुन्हा सांग," त्या म्हणाल्या.

"मुनीमजींचा हक्क त्यांच्या मृत्यूपासून मोजायचा नाही. तुमच्यापासून मोजायचा."

"म्हणजे मी एक वर्ष जगले तर?"

"त्यांच्या पेरूंना एक वर्ष जास्त."

"पाच जगले तर?"

"पाच."

"दहा?"

"दहा. आजपासून ऐंशी वर्षं होतील."

त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं. मग उठल्या, फोनजवळच्या वहीत चाचपडून एक पान काढलं आणि माझ्यापुढे धरलं. "हा त्या डोळ्यांच्या डॉक्टरचा नंबर. लाव. आणि दिवसाला किती चालावं ते पण विचार. माझ्यामुळे ह्यांचं नुकसान नको."

नोव्हेंबरात उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, डिसेंबरात डाव्याचं. पट्टी निघाल्यावर त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "तू एवढा पिकलास कधी?" फॉर्म त्यांनी स्वतः भरला, ठळक छापील अक्षरांत, ट्रेसरच्या हाताने. पहिलं नाव मुनीमजींचं लिहिलं. मी म्हणालो, बंडी तर तुम्ही आधी काढायचात. त्या म्हणाल्या, "बंडी बघायला कोण येतं रे? लोक पेरूसाठी येतात."

जानेवारीच्या अखेरीस नोंद झाल्याचं पत्र आलं. पुतणीने ते फोनवर वाचून दाखवलं. अक्कांनी ते तीनदा वाचायला लावलं, दोन नावं आहेत ना, एवढंच ऐकायला. पिशव्यांवर काय करायचं, असं पुतणीने विचारलं. अक्का म्हणाल्या, "त्याला सांग, छाप. पण खाली नावं घाल." त्याने कबूल केलंय, असं ऐकतो.

त्याच आठवड्यातल्या रविवारी आम्ही पेरूवाल्याकडे गेलो. छत्री मी धरली, या वेळी जरा बरी. अक्कांनी दुरूनच टेप न लावता सांगितलं, "फळी बदललीस. पाच नऊ झाली."

"अरे, दिखने लगा क्या अक्का?" पेरूवाला म्हणाला. मी मोजून बघितलं. पाच नऊ होती.

त्यांनी स्टूल मांडलं, बंडी काढली, आणि मग कागद गुडघ्यावर ठेवून कंपास पिशवीत टाकला. हातानेच एक गोल काढला. तो अंड्यासारखा झाला. त्या त्याच्याकडे बघत राहिल्या. मग शेजारी दुसरा काढला.

शेवटी जे भरलं गेलं ते असं. बारा युरो, जर्मनीतल्या कार्यालयाला, पुतणीच्या खात्यातून. त्याचे त्या दिवसाच्या भावाने एक हजार अडुसष्ट रुपये, अक्कांकडून पुतणीला; ती नको म्हणत असताना. आणि ऐंशी रुपये, एक किलो पेरूंचे, पेरूवाल्याला, रोख, नोट डोळ्यांनी बघून, घासाघीस न करता. किलोत सहा पेरू बसले. मी मोजले. कागदावरही सहाच होते.